रंग न लावता

"सांग," हळबे मॅडम म्हणाल्या. "काय दिसतंय?"

मोठ्या कागदावर छापून आणलेलं चित्र मी त्यांच्या टेबलावर, बरोबर त्यांच्या पुढ्यात ठेवलं होतं. त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. नेहमीसारखी खुर्ची खिडकीकडे फिरवून, हात मांडीवर ठेवून त्या बसल्या होत्या. खाली अंगणात पांगाऱ्याच्या लाल फुलांचा सडा पडला होता. दारात इरफान मुजावर उभा होता. तो मिरजेचा, माझ्या आधी मॅडमकडे आलेला. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि तो सोडावा की नाही हे त्याला कळत नव्हतं.

"पिंजरे आहेत मॅडम," मी म्हटलं. "सगळीकडे. मोजता येणार नाहीत इतके."

"पिंजरे आहेत की नाहीत ते मागाहून बघू. दिसतंय काय?"

मी इरफानकडे पाहिलं. त्यानं नजर पुड्याकडे वळवली.

मी पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची ही गोष्ट. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत डॉ. निर्मला हळबे यांच्या हाताखाली आम्ही प्रथिनांचे पिंजरे बनवत होतो. बनवत होतो म्हणणंही तसं बरोबर नाही. आम्ही फक्त एक तुकडा आखायचो आणि तो जिवाणूंकडून बनवून घ्यायचो. त्या तुकड्याच्या कडा अशा आखायच्या की तसे पुष्कळ तुकडे पाण्यात सोडले की ते आपले आपण एकमेकांना भिडावेत आणि त्यांचा एक पोकळ गोळा तयार व्हावा. डोळ्यांना दिसणं सोडाच, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसू नये एवढा लहान. आखणी जमली तर बांधायला कुणी लागत नाही. चुकली तर तुकडे कसेही चिकटतात आणि नळीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो. माझ्या नळीत पहिल्या दिवसापासून गाळच बसत होता.

हा पिंजरा जमला असता तर त्याच्या अंगावर आम्ही माकडतापाच्या विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा बसवणार होतो, म्हणजे शरीराला वाटावं की विषाणूच आला, आणि त्यानं तयारीला लागावं. माझं गाव दोडामार्ग तालुक्यात. काजूच्या बागेत गोचीड चावून हा ताप येतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत असतं. माझी मावशी त्या तापातून उठली, पण पुन्हा पूर्वीसारखी कधी झाली नाही. तेव्हा हे काम मला कुणी दिलं नव्हतं, मी मागून घेतलं होतं.

आणि त्या दिवशी दुपारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर गोल उमटले. सुबक, एकासारखे एक. मी चित्र छापायला घातलं, इरफान पेढे आणायला धावला.

त्या चित्रावर बरंच काही टांगलेलं होतं. माझी शिष्यवृत्ती जूनमध्ये संपत होती. ऑस्ट्रियातले एक प्राध्यापक मला त्यांच्याकडे घ्यायला तयार होते, पण हा लेख छापायला गेला तरच. मुंबईतल्या एका संस्थेत लस टोचून बघायला उंदीर तयार ठेवले होते. शिवाय आमच्यासारखंच काम करणारा एक गट परदेशात होता आणि तो आमच्या पुढं जाईल ही धास्ती वेगळीच. मी मनातल्या मनात सोमवारी लेख पाठवूनही टाकला होता.

आणि मॅडम विचारत होत्या, दिसतंय काय.

ही त्यांची जुनी खोड. चित्र नेलं, आलेख नेला, काहीही नेलं तरी त्या स्वतः बघायच्या नाहीत. तोंडानं सांगायला लावायच्या. 'छान' म्हणायचं नाही, 'अपेक्षेप्रमाणे' म्हणायचं नाही. आम्ही मुलं याला तोंडी परीक्षा म्हणायचो आणि पाठीमागं चिडायचो. बाकीचे गाईड विद्यार्थ्याच्या शेजारी बसून पडद्यात डोकं घालतात, आमच्याच नशिबी हे का, असं मला पुष्कळदा वाटलेलं.

"गोल आहेत," मी म्हटलं. "पार्श्वभूमी काळसर आहे, त्यावर पांढरट गोल. प्रत्येकाच्या मध्ये काळा ठिपका. पिंजरा पोकळ आहे म्हणून आत रंग शिरलाय."

"म्हणून हा शब्द कुठून आला?"

"बरं. मध्ये काळा ठिपका आहे."

"सगळे एका मापाचे?"

"हो."

"माप काय?"

"आपल्या आराखड्यापेक्षा कमी येतंय. पण मॅडम, त्या यंत्राची मापपट्टी मध्यंतरी बिघडली होती. अजून ती नीट लावलेली नाही. आणि वाळताना थोडे आकसतातच."

"किती कमी?"

"निम्म्याच्या आसपास."

"निम्म्याच्या वर की खाली?"

"खाली," मी म्हटलं.

खालून माळ्याच्या झाडूचा आवाज येत होता.

"गाळ कुठं गेला?" त्यांनी विचारलं. "गेल्या आठवड्यापर्यंत गाळ पडत होता. आता काय वेगळं केलंस?"

"या वेळी नळी आधी तापवली. जिवाणूची स्वतःची प्रथिनं उष्णतेनं फाटून खाली बसतात, आपलं टिकतं. गाळ खाली बसला, वरचं स्वच्छ पाणी घेतलं. त्यात हे गोल आहेत."

"आपलं टिकतं हे तुला कुणी सांगितलं?"

"आखणीच तशी केलीय आपण."

"जिवाणूचं सगळंच फाटतं?"

आता मला राग यायला लागला होता. इतक्या दिवसांचं काम टेबलावर पडलं होतं आणि त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

"मॅडम, तुम्ही एकदा चित्र बघा तरी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "एकदा नुसती नजर टाका. मग काय विचारायचं ते विचारा."

दारात इरफान हलला. "सुगंधा," तो हळूच म्हणाला.

मॅडम रागावल्या नाहीत. "तू बघितलंयस ना? मग पुरे. मी बघून त्यात भर पडणार नाही." मग खुर्ची थोडी माझ्याकडे वळवून त्या म्हणाल्या, "जिवाणूच्या पोटात लोखंड साठवायचं एक भांडं असतं. तेही प्रथिनाचंच, तेही गोल, तेही पोकळ, आणि उष्णतेला दाद न देणारं. फक्त त्याच्या पोटात लोखंड असतं. आपल्या पिंजऱ्याच्या पोटात काय असतं?"

"पाणी."

"मग एक काम कर. रंग न लावता बघ."

मला समजायला एक क्षण लागला. नुसतं प्रथिन त्या यंत्रात जवळजवळ दिसत नाही, म्हणून त्याला जड धातूचा रंग द्यावा लागतो. रंग न देता आमचा पिंजरा ठेवला तर पडदा कोराच दिसणार. पण लोखंडाला रंगाची गरज नाही. ते तसंही काळंच दिसतं.

"काही दिसलं नाही तर तू जिंकलीस," मॅडम म्हणाल्या. "जा. पेढे तोवर राहू देत."

तांब्याच्या इवल्याशा जाळीवर थेंब इरफाननं ठेवला. जाळी वाळेपर्यंत आम्ही दोघं त्या थंडगार खोलीत स्टुलावर बसून राहिलो.

"तू त्यांच्यावर ओरडायला नको होतंस," तो म्हणाला.

"मी ओरडले नाही."

"बरं."

"तुला काय वाटतं, इरफान? दिसेल काही?"

"मला वाटून काय होणार? देव करो आणि न दिसो."

आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी दिसू नये म्हणून यंत्रात डोकावत होते. पडदा आधी नुसता करडा होता. मी जाळी सरकवली. करडाच. मला हायसं वाटायला लागलं. इरफान माझ्या खांद्यामागून बघत होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. मी आणखी थोडं मोठं केलं.

पडद्यावर बारीक काळे ठिपके होते. खसखस सांडल्यासारखे, सगळीकडे, एका मापाचे.

दुसरी जागा बघितली, तिथंही तेच. मग मी यंत्र बंद केलं. चित्र छापून घेतलं नाही.

वर गेले तेव्हा मॅडम तशाच बसल्या होत्या. मी दारात पाऊल टाकताच त्यांना कळलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "बस आधी."

मी बसले.

"सांग."

"काळे ठिपके आहेत. बारीक, एका मापाचे, सगळीकडे."

"म्हणजे काय?"

त्यांना ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी ते माझ्याच तोंडून यायला हवं होतं. मी म्हटलं, "हा आपला पिंजरा नाही. जिवाणूचं लोखंडाचं भांडं आहे. आपलं प्रथिन तापवताना गाळात गेलं, आणि उरलं ते हे."

एवढं बोलले आणि मला रडू फुटलं. मॅडमनी ते थांबवायचा प्रयत्न केला नाही. इरफानला चहा सांगायला पाठवलं. चहा आला, गार झाला. मग त्या म्हणाल्या, "सुगंधा, हे आज या खोलीत कळलं. आपल्या तिघांना कळलं. छापून आल्यावर कळलं असतं तर जन्मभर तुझ्या नावाला चिकटलं असतं. उंदरांना टोचल्यावर कळलं असतं तर माकडतापाची लस म्हणून आपण लोखंड टोचत बसलो असतो."

मी मान हलवली. त्या वाट बघत राहिल्या. मग मी "हो" म्हटलं.

त्यांनी माझ्यासमोर मुंबईला फोन लावला. पलीकडचे प्राध्यापक चिडले होते, तो आवाज मला खुर्चीत बसूनही ऐकू येत होता. उंदीर तयार आहेत, लोक ताटकळलेत, आधी नीट तपासायला काय झालं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घाई माझी झाली. मुलीनं स्वतः तपासलं, स्वतः चूक शोधली आणि येऊन सांगितलं. तुम्ही रागवायचं ते माझ्यावर रागवा."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मॅडम, चूक मी शोधली नाही. तुम्ही शोधलीत."

"ठिपके मी बघितले का?" त्या म्हणाल्या. "तू बघितलेस. बघून खाली जिन्यातून पळून गेली नाहीस, वर आलीस." मग टेबलावर चाचपून त्यांनी एक कागद उचलला आणि माझ्यापुढे धरला. "हे चित्र फाडून टाकू नकोस. जपून ठेव. चांगलं चित्र आहे, फक्त भलत्याचंच आहे."

मी कागद हातात घेतला. तो गच्चीवरची पाण्याची टाकी धुणार असल्याची नोटीस होती. माझं चित्र अजून टेबलावरच होतं, मी ठेवलं होतं तिथंच.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, कानाच्या जरा बाहेर कुठंतरी होती. ती नेहमीच तिथं असायची. मला वाटायचं, त्या विचारात असतात.

"ठेवते मॅडम," मी म्हटलं आणि नोटीस घेऊन बाहेर आले.

इरफान जिन्यात पायरीवर बसला होता. मी तो कागद त्याला दाखवला. त्यानं वाचला आणि घडी करून परत दिला.

"गेल्या वर्षापासून मला माहीत आहे," तो म्हणाला. "एकदा माझ्याकडून बाटलीवरची चिठ्ठी वाचून घेतली, तेव्हा संशय आला. मग त्यांनीच सांगितलं. डोळ्याच्या मधोमध दिसत नाही त्यांना. कडेनं दिसतं. चालता येतं, जिना उतरता येतो. वाचता येत नाही. चित्र दिसत नाही. माणसाचा चेहरा दिसत नाही. संध्याकाळी मी घरी सोडतो ना त्यांना, ते माझ्या वाटेवर घर आहे म्हणून नाही."

"तू सांगितलं का नाहीस मला?"

"त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मी कसं सांगू?"

मी त्या रात्री घरी फोन केला. आईनं विचारलं, "काम झाला काय गो तुजा?" मी म्हटलं, नाही झालं. ती म्हणाली, मग होईल, जेवलीस का. मी जेवले नव्हते, पण हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले आणि आदल्या दिवशी आलेलं संशोधनाचं मासिक उघडून बसले. "मॅडम, यात आपल्या कामाचा एक लेख आहे. वाचून दाखवू का?"

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"इरफान बोलला?"

"नाही. तुम्ही मला पाण्याच्या टाकीची नोटीस दिलीत."

त्या हसायला लागल्या. मी त्यांना इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, "टाकी कधी धुणार आहेत?"

"रविवारी."

"बरं झालं." मग थोड्या वेळानं त्या गंभीर झाल्या. "निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत. कळलं तर विद्यार्थी देणं बंद करतील असं वाटायचं. म्हणून लपवलं. सुरुवातीला फार जड गेलं मला. आयुष्यभर चित्रं बघायचंच काम केलं. पण एक सांगू? डोळे धड होते तेव्हा मीसुद्धा एकदा असेच सुंदर गोल बघितले होते. माझे गाईडही माझ्या शेजारी बसून आनंदानं बघत होते. छापले आम्ही. नंतर तो लेख मागं घ्यावा लागला. आम्हा दोघांना जे हवं होतं तेच दोघांनी बघितलं होतं. शेजारी बसून बघणारा मला कमी पडला नव्हता. विचारणारा कमी पडला."

मी लेख वाचायला लागले. "घाईनं नको," त्या म्हणाल्या, "आणि आकडे दोनदा वाच."

पुढं त्यांनी स्वतःच संचालकांना सांगितलं. कुणी विद्यार्थी काढून घेतले नाहीत. वाचून दाखवायला एक मुलगी दिली, पण लेख मात्र मी आणि इरफानच वाचायचो, आळीपाळीनं. ऑस्ट्रियातली जागा दुसऱ्या कुणाला गेली. मॅडमनी मला आपल्या प्रकल्पात सहायक म्हणून ठेवून घेतलं. रोज वाचताना आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देताना आम्हाला कळत गेलं की आमच्या तुकड्याची एक कड जास्तच चिकट आहे. तुकडे नीट जुळण्याआधीच एकमेकांना घट्ट धरतात, मग सुटून दुसरी जागा शोधायला त्यांना वावच राहत नाही. ती कड आम्ही सैल केली. मीठही एकदम न घालता हळूहळू वाढवलं. पुढच्या वर्षी आंब्याच्या दिवसांत पिंजरे झाले. या वेळी मी सगळं तपासूनच वर गेले, तरी मॅडमनी मला दुपारभर सोडलं नाही. लेख छापला, परदेशातला तो गट खरंच आमच्या आधी छापून मोकळा झाला होता, पण त्यांचा पिंजरा वेगळा होता आणि जगाला दोन्ही चालले.

आता मी गोव्यात असते. माझी स्वतःची लहानशी प्रयोगशाळा आहे. त्या पिंजऱ्यावरची लस उंदरांत चांगली चालली, पुढच्या पायरीवर अडखळली, आता थोडी बदलून पुन्हा चाचणीत आहे. ती माझ्या हयातीत दोडामार्गच्या आरोग्य केंद्रात पोचेल असा मला भरवसा आहे, पण मॅडमपुढे मी 'भरवसा' हा शब्द वापरला नसता. इरफान मिरजेला कॉलेजात शिकवतो. फोनवर आम्ही दोघं अजून एकमेकांना 'दिसतंय काय' ते सांगायला लावतो.

त्या दुसऱ्या वर्षीच्या दुपारनंतर, पेढे खाऊन झाल्यावर, मॅडम म्हणाल्या होत्या, "आज इरफानला राहू दे. मला तू घरी सोड."

आम्ही रिक्षा केली. ऊन उतरलं होतं, पण झळा लागत होत्या. विद्यापीठाचा चौक ओलांडल्यावर मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलं नसतंत तर..." धन्यवाद म्हणायचं होतं. तो शब्द फार लहान वाटला, म्हणून राहिला.

त्यांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "तू माझ्याकडे आलीस तोवर माझ्या डोळ्यांचं आटपत आलं होतं. तुझा आवाज ओळखते, चाल ओळखते. चेहरा कधी पाहिला नाही. कशी दिसतेस गं?"

असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं. मी रिक्षाच्या आरशात स्वतःकडे पाहिलं.

"सावळी आहे," मी म्हटलं. "कपाळ मोठं आहे. डाव्या भुवईत खोक आहे, लहानपणी काजूच्या झाडावरून पडले होते. केस दाट आहेत, पण धड बसत नाहीत. हसले की एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो."

"आत्ता हसतेयस का?"

"नाही मॅडम. आत्ता रडतेय."

"बरं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझा हात शोधला, आपल्या मांडीवर घेतला, आणि घर येईपर्यंत तो धरून बसल्या.